हातातील दगड आणि भिंतीवरचे चित्र



संत योहानकृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायाच्या आरंभी येणारा प्रसंग आपण प्रायश्चित्तकाळात नेहमी ऐकतो. मंदिराचे आवार, भल्या सकाळची वेळ. शास्त्री व परुशी एका स्त्रीला धरून आणतात आणि लोकांच्या मधोमध उभी करतात. नियमशास्त्र हिला दगडमाराची शिक्षा सांगते, गुरुजी, तुमचे काय म्हणणे आहे, असे ते येशूला विचारतात. येशू लगेच उत्तर देत नाही. तो खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर लिहू लागतो.

त्याने काय लिहिले हे योहान सांगत नाही. भाष्यकारांनी अनेक तर्क केले आहेत. कोणी म्हणतात, त्याने तिथे उभ्या असलेल्यांची पापे लिहिली. कोणी म्हणतात, तो नुसत्या रेघा ओढत होता. आम्हांला मात्र त्याने कुठे लिहिले हे अधिक महत्त्वाचे वाटते. चार लोकांना दिसेल अशा उघड्या जागी, पायांखालच्या मातीत त्याने लिहिले. प्रभूने स्वतःच्या हाताने काही लिहिल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत या एकाच प्रसंगी आहे, आणि तो जमावासमोर आहे. तोवर सगळ्यांचे डोळे त्या बाईवर रोखलेले होते. तो वाकला तसे ते डोळेही खाली वळले असणार. तापलेल्या माणसांना दोन क्षण थांबावे लागले. त्या दोन क्षणांनंतरच, ज्याने कधी पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा हे त्याचे बोलणे त्यांच्या कानांत शिरू शकले. मग तो पुन्हा वाकून लिहू लागला आणि माणसे एकेक करून निघून गेली. योहानाने इथे एक बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. सगळ्यांत आधी वडीलधारी माणसे निघाली.

आपल्या शहरातील तरुण मुलांच्या हातून होणाऱ्या आणि तरुण मुलांवरच कोसळणाऱ्या हिंसेविषयी या रविवारी आपण विचार करणार आहोत. तो करताना ही दोन चित्रे डोळ्यांसमोर असू द्यावीत, अशी विनंती आहे: जमिनीवर लिहिणारा प्रभू, आणि दगड टाकून आधी निघालेले वडीलधारे.

दगडफेक हा शब्द आपल्याला नवा नाही. ११ मे २०१८ च्या रात्री मोतीकारंजा, शहागंज, राजाबाजार, नवाबपुरा या जुन्या वस्त्यांत दंगल पेटली. दुकाने जळाली, वाहने जळाली आणि दोन जीव गेले. त्यांपैकी एक वयोवृद्ध गृहस्थ होते आणि दुसरा १७ वर्षांचा मुलगा. त्याच महिन्याच्या अखेरीस शहरात ऑनलाइन मागवलेल्या तलवारी, चाकू अशी शस्त्रे पोलिसांनी जप्त केली. पुस्तके मागवावीत, चपला मागवाव्यात, तशी ती घरपोच आली होती. पुढे २९ मार्च २०२३ च्या रात्री, रामनवमीच्या तोंडावर, किराडपुऱ्यात तरुणांच्या गटांतील वादाचे पर्यवसान दंगलीत झाले आणि पोलिसांच्या गाड्या पेटवल्या गेल्या.

दंगली वर्तमानपत्रात येतात. रोजची हिंसा मात्र आतल्या पानावर चार ओळींत संपते. गाडीचा धक्का लागला, रागाने का पाहिलेस, माझ्या स्टेटसवर असे का लिहिलेस, एवढ्यावरून चाकू निघतो. वाढदिवसाचा केक तलवारीने कापायचा, त्याचे चित्रीकरण करून सगळीकडे पाठवायचे आणि मग शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदवला गेला की घरच्यांनी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवायच्या, हे आता नवलाचे राहिलेले नाही. त्यात 'बटण' नावाने विकल्या जाणाऱ्या नशेच्या गोळ्या आल्या. डॉक्टर झोपेसाठी लिहून देतात ती ही औषधे. मुले ती मूठभर खातात आणि काही तासांपुरती त्यांना कशाचीच भीती उरत नाही.

वैजापूर-गंगापूर तालुक्यांतल्या गावांतून आपली कितीतरी कुटुंबे वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत कामाला आली. आई-वडील दोघेही पाळीवर. मुलगा शाळेतून येतो तेव्हा घराला कुलूप असते आणि कोपऱ्यावर मित्र असतात. तेव्हा हा प्रश्न दुसऱ्या समाजाचा, दुसऱ्या वस्तीचा आहे असे म्हणायची सोय आपल्याला नाही.

आता, हा मुलगा कोपऱ्यावर उभा राहून काय पाहतो? समोर पंधरा फुटी फ्लेक्स असतो. त्यावर काळा चष्मा लावलेले कोणी भाऊ, दादा, वर एखाद्या वाघाचे डोके आणि खाली शुभेच्छुकांच्या छोट्या छोट्या तसबिरींची रांग. त्या रांगेत एक दिवस आपलाही फोटो यावा, एवढेच त्या मुलाचे स्वप्न असते. (पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर आपल्या शहरात गल्लोगल्ली होते. अक्षर कसे वळवावे हे मुले त्यांच्या शिडीखाली उभे राहून शिकत. फ्लेक्स आला आणि ते बिचारे घरी बसले.) एखादा मुलगा मारामारीत गेला की त्याच कोपऱ्यावर दुसरा फ्लेक्स लागतो, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. त्याच्याखाली मित्र जमतात, फोटो काढतात आणि कधी कधी सूड घेण्याची शपथही तिथेच घेतली जाते. म्हणजे आपल्या चौकात चित्रकला आहेच. ती मुलांना शिकवते आहे आणि मुले ती मन लावून शिकत आहेत. प्रश्न एवढाच की त्या चौकात दुसरे एखादे चित्र लावायला कोणी पुढे येणार की नाही.

चित्रातून हिंसेविषयी बोलण्याची रीत आपल्या या भागात फार जुनी आहे. येथून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात नालागिरी हत्तीची कथा रंगवलेली आहे. आपण सहलीला जातो, मार्गदर्शक टॉर्चचा उजेड टाकतो, आपण पाहतो आणि पुढे सरकतो. कथा अशी, की देवदत्ताने बुद्धाचा घात करण्यासाठी एक हत्ती राजगृहाच्या रस्त्यावर सोडला. हत्ती मोकाट सुटला, माणसे जीव घेऊन पळू लागली आणि शेवटी तो बुद्धापुढे शांत होऊन नमला. परंतु कथेतला एक तपशील आपण विसरतो. हत्तीला आधी दारू पाजण्यात आली होती. पाजणारा रस्त्यावर नव्हता, तो सुरक्षित जागी होता. आज जेव्हा सोळा वर्षांचा मुलगा हातात कोयता घेऊन पळताना पकडला जातो, तेव्हा त्याला गोळी कोणी दिली, पैसे कोणी दिले, तुझ्या जातीचा, धर्माचा, गल्लीचा अपमान झाला आहे असे कोणी कानात सांगितले, याची चौकशी क्वचितच शेवटपर्यंत होते. त्या लेण्यातल्या कलावंताने हत्ती रंगवला. प्रेक्षकांनी पाजणाऱ्याचीही आठवण ठेवावी, अशी त्या कथेची मागणी आहे.

सार्वजनिक चित्रांविषयी बोलताना एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. भिंत रंगवली की माणसे आपोआप सुधारतात, असे आम्ही मानत नाही. २७ आणि २८ फेब्रुवारी २०२३ रोजी जी-२० परिषदेच्या महिला गटाची, डब्ल्यू-२० ची, बैठक आपल्या शहरात झाली. पाहुण्यांसाठी रस्ते सजले, दुभाजक सजले, कितीतरी भिंतींवर सुंदर चित्रे आली. शहर देखणे दिसत होते. त्यानंतर बरोबर एका महिन्याने किराडपुऱ्याची रात्र आली. यात चित्रकारांचा काही दोष नाही. ती चित्रे पाहुण्यांसाठी होती. गल्लीतल्या मुलाशी बोलणारे चित्र वेगळे असते, आणि ते बहुधा त्या मुलानेच काढावे लागते.

याचे एक उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मृत्युमुखी पडली. धारावीनेही तेव्हा खूप सोसले. तिथल्या भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी शांततेच्या कामाला वाहून घेतले. एक हिंदू, एक मुसलमान. मोहल्ला समितीच्या बैठका, पोलिसांशी बोलणी हे तर त्यांनी केलेच, पण लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी असायला हवे हेही त्यांना उमगले. वकार खान यांनी एक पोस्टर तयार केले. चार लहान मुले, चार धर्मांच्या वेशांत, शेजारी शेजारी उभी आणि 'हम सब एक हैं' एवढेच शब्द. त्या चौघांत एक चिमुकला पाद्रीही आहे, हे आपल्याला गंमतीचे वाटेल. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी २००३ साली या दोन मित्रांवर 'नाता' नावाचा माहितीपट केला. आपल्या युवकांनी तो मिळवून जरूर पाहावा. पोस्टर अगदी साधे आहे. एखादा कलासमीक्षक नाक मुरडेल. परंतु ते ज्या वस्तीने दुःख सोसले त्याच वस्तीतून आले, म्हणून लोकांनी ते आपलेसे केले.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण त्यातील अडचण आपल्याही वाट्याला येणार आहे, म्हणून सविस्तर सांगतो. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात १९८४ साली रात्री-अपरात्री भिंती खराब करणाऱ्या मुलांसाठी नगर प्रशासनाने एक उपक्रम सुरू केला. जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्या मुलांच्या हाती ब्रश दिला आणि त्यांच्याबरोबर मोठमोठी भित्तिचित्रे रंगवायला घेतली. आज त्या शहरात अशी हजारो चित्रे आहेत. पुढे २००४ च्या सुमारास या मंडळींनी अधिक कठीण काम हाती घेतले. ग्रेटरफोर्डच्या तुरुंगातील कैदी आणि हिंसेने ज्यांची माणसे हिरावून नेली ते लोक यांनी मिळून एक चित्र करायचे ठरले. ते जमेना. कैद्यांना पश्चात्ताप दाखवायचा होता. आप्त गमावलेल्यांना आपले दुःख दाखवायचे होते, आणि मारणाऱ्याची व मेलेल्याची गोष्ट एकाच भिंतीवर का, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. बोलणी चालत राहिली. शेवटी एका चित्राऐवजी दोन भिंती रंगल्या, एक पीडितांची आणि एक कैद्यांची. ज्यांना तुरुंगाबाहेर येता येत नव्हते त्यांनी कापडाच्या तुकड्यांवर रंगकाम केले आणि ते कापड नंतर भिंतीला चिकटवण्यात आले.

क्षमा घाईने मागता येत नाही आणि घाईने देताही येत नाही, हे त्या दोन भिंतींकडे पाहून कळते. आपण कबुतरे आणि इंद्रधनुष्ये रंगवून मोकळे होऊ नये, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे. ज्या आईचा मुलगा गेला, तिला कबुतर काय सांगणार?

मग काय रंगवायचे? इथे ख्रिस्तसभेजवळ स्वतःचा मोठा ठेवा आहे आणि तो आपल्या मंदिराच्या दोन्ही भिंतींवर टांगलेला आहे. क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने. ही संख्या पोप क्लेमेंट बारावे यांनी १७३१ साली निश्चित केली आणि तेव्हापासून जगभरातील साध्यासुध्या, निरक्षर माणसांनीही या चित्रांवरून बोट फिरवत एका तरुणाचा छळ आणि मृत्यू समजून घेतला. आपण ती पुन्हा नीट पाहू या. तेहतीस वर्षांचा एक तरुण, त्याच्या भोवती बहुधा त्याहूनही लहान वयाचे शिपाई, आणि जमाव. हिंसेचीच ही चित्रे आहेत. तरीही त्यांत हातोडा आणि खिळे ठळकपणे दिसतात ते अकराव्या स्थानात. बाकी सर्वत्र चेहरे आहेत. चौथ्या स्थानात आईचा चेहरा आहे. पाचव्यात शेतावरून घरी निघालेल्या आणि जबरदस्तीने क्रूस उचलायला लावलेल्या शिमोनाचा आहे. तेराव्यात पुन्हा आई आहे, या वेळी मुलगा तिच्या मांडीवर निश्चेष्ट पडलेला. शस्त्राचे कौतुक कुठेही नाही. एकाही लहान मुलाने ही चित्रे पाहून शिपाई व्हावेसे वाटले असे सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि सहाव्या स्थानात वेरोनिका आहे. बायबलमध्ये तिचे नाव नाही, परंपरेने ते जपले आहे. गर्दीतून ती पुढे होते, रक्ताने आणि घामाने माखलेला चेहरा आपल्या वस्त्राने पुसते आणि त्या कापडावर तो चेहरा उमटतो. कापडावर उमटलेला, मार खाल्लेल्या तरुणाचा चेहरा! आम्ही जे चित्र करू पाहतो आहोत त्याचा धडा याहून अधिक कोण देणार?

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील एका तरुणाचीही इथे आठवण होते. स्तेफनाला दगडमार करणाऱ्यांनी आपली वस्त्रे शौल नावाच्या एका तरुणाच्या पायांशी ठेवली होती. शौलाने स्वतः दगड मारला असे तिथे म्हटलेले नाही. तो कपडे सांभाळत उभा होता. आज त्याच्या जागी मोबाईल धरून चित्रण करणारा मुलगा उभा असतो. त्याने कोणाला बोटही लावलेले नसते आणि रात्री त्याला झोपही लागते. परंतु स्तेफनाचा मरतानाचा चेहरा शौलाने पाहिला होता. दमास्कसच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठण्याआधी तो चेहरा त्याच्या मनात किती काळ होता, हे त्याचे त्यालाच ठाऊक. तो शौल पुढे संत पौल झाला.

कोणी म्हणेल, आपण मूठभर ख्रिस्ती लोक. शहरात आधीच वातावरण नाजूक. आपण आपली प्रार्थना करावी, या भानगडीत कशाला पडावे? ही भीती खोटी नाही. परंतु पोलंड देश नाझींच्या टाचेखाली असताना क्राकोव्ह शहरातल्या काही तरुणांनी १९४१ साली लपूनछपून एक नाट्यमंडळ चालवले होते. त्यांपैकी एकजण, कारोल वोयतिवा, पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले, आणि १९९९ च्या ईस्टरला त्यांनी जगभरातील कलावंतांना एक पत्र लिहिले. बंदुकांच्या गराड्यात तरुणपणी आपण काय निवडले, हे ते विसरले नव्हते. आफ्रिकेतील मोझांबिक देशात सोळा वर्षांच्या यादवीनंतर १९९२ साली रोम येथे, आपल्या कॅथलिक संत एजिदिओ समुदायाच्या मध्यस्थीने, शांतता करार झाला. शस्त्रे मात्र घराघरांत पुरलेली होती. १९९५ पासून तिथल्या ख्रिस्ती मंडळींच्या परिषदेने, अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या प्रेरणेने, शस्त्र आणून द्या आणि शिवणयंत्र, सायकल, शेतीची अवजारे घेऊन जा, अशी योजना सुरू केली. यशया संदेष्ट्याने तलवारींचे नांगराचे फाळ होतील असे म्हटले होते, ते या लोकांनी अक्षरशः घेतले. तोडलेल्या बंदुकांपासून मापुतोच्या कलावंतांनी खुर्च्या, पक्षी, झाडे घडवली. त्यांपैकी 'शस्त्रांचे सिंहासन' ही २००१ सालची खुर्ची आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथेही ख्रिस्ती लोकांनी एकट्याने काही केले नाही. गावोगावच्या सर्वांनी शस्त्रे आणून दिली.

तर आता आपल्या कुंपणाच्या भिंतीविषयी. रस्त्याकडील बाजू मुलांसाठी द्यावी असा विचार आहे. सार्वजनिक दृष्टीस पडणाऱ्या जागी काही रंगवायचे तर १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याचे भान ठेवावे लागते. भिंत आपली असली तरी महानगरपालिकेला आणि पोलीस ठाण्याला कळवूनच कामास हात घालू. शेजारच्या वस्तीतील सर्व धर्मांच्या मुलांना बोलवायचे आहे. आपल्याच मुलांनी रंगवलेली भिंत म्हणजे आणखी एक फ्लेक्स होईल. चित्रात शस्त्र नको, कोणत्याही पक्षाचा वा संघटनेचा रंग नको. कोणत्याही खऱ्या मुलाचा चेहरा किंवा नाव नको, मग तो मार खाणारा असो की मारणारा. अठरा वर्षांखालील मुलांची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायदा मनाई करतो, आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर एका फोटोने काय घडते हे आपण वर पाहिलेच. आधी दोन-तीन रविवार मुलांनी फक्त बोलायचे आहे. कशाची भीती वाटते, राग कशाचा येतो, घरी कोण ऐकून घेते. रेखाटन त्यानंतर. चौकटी आखून लहान चित्र भिंतीवर मोठे कसे करायचे, हे शिकवण्यासाठी एखाद्या जुन्या पाटी रंगवणाऱ्या पेंटरला विनंती करण्याचा मानस आहे. मानधन द्यायचे आहे, फुकट राबवायचे नाही.

भिंतीचा एक भाग कापडाचा असेल. ज्यांना उन्हात शिडीवर चढता येत नाही, म्हणजे आजारी माणसे, आजी-आजोबा, आणि ज्यांच्या घरात असे दुःख घडले आहे पण ज्यांना चारचौघांत बोलायचे नाही, त्यांनी घरी बसून हातभर कापडावर हवे ते रंगवावे. नाव लिहू नये. परवानगी मिळाल्यास हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहातही काही तुकडे पाठवता येतील का, याची चौकशी करू.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात बैठक आहे. युवकांनी यावेच, पण त्यांच्याआधी पुरुष मंडळींनी यावे. भिंतीला पहिला हात चुन्याचा लागेल आणि तो चाळिशीपुढच्यांनी द्यायचा आहे. जुन्या स्वच्छ पांढऱ्या चादरी, धोतरे, मांजरपाटाचे तुकडे ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते धुऊन सिस्टरांकडे आणून द्यावेत. ब्रश, रिकामे डबे आणि एक उंच शिडीही हवी आहे.